कोल्हापुरात लाखांची क्लब मेंबरशिप: पैसे भरून आपल्या हातात नक्की काय येतं?

पंचगंगेकाठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या बऱ्याच घरांत एकाच धर्तीचे फोन येताहेत. शहराबाहेर, पन्हाळ्याच्या बाजूला मोठा खाजगी स्पोर्ट्स क्लब होतोय. पोहण्याचा तलाव, बॅडमिंटन, टेनिस, पॅडल (टेनिससारखाच एक खेळ), दहा मीटरची शूटिंग रेंज, जिम, जेवणाची सोय, पाहुण्यांना खोल्या. आत्ता 'फाउंडर मेंबर' झालात तर आठ लाख, पुढच्या वर्षी बारा. आठातले पाच लाख अनामत, ती वीस वर्षांनी बिनव्याजी परत. वार्षिक वर्गणी वेगळी. सभासद मर्यादित राहणार, मुलांना वारसाने मिळणार, पुढे विकताही येणार, असं सांगतात. जागेवर सध्या कंपाउंड आणि एक ऑफिस आहे, बाकी सगळं माहितीपत्रकात.

माझ्या चुलतभावाची शिरोलीत फौंड्री आहे. तो पैसे भरायच्या बेतात आहे. मुंबईत जुन्या क्लबात पैसे असूनही शिरता येत नाही, मग इथं सुरुवातीलाच घेऊन ठेवू, दहा वर्षांनी सोनं होईल, असं त्याचं म्हणणं. घरातली दोन पोरं खरंच खेळतात, त्यामुळे मलाही मोह आहे. पण एवढ्या पैशात हातात काय येतं हे मला नीट कळत नाहीये. क्लबचं नाव मुद्दाम देत नाही. विषय एका क्लबचा नाही, असे अजून येणार आहेत. ज्यांना कायदा, हिशेब, खेळ यातलं कळतं त्यांनी मोकळेपणी लिहा.

---

शिरोली_फाटा

मी घेणार आहे आणि का ते सांगतो. माझी मुलगी बॅडमिंटन खेळते. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत शहरात चांगलं कोर्ट मिळवणं म्हणजे रोजची मारामारी. टर्फ गल्लोगल्ली झालेत, पण ते तासावर, आणि तिथं सगळी बॉक्स क्रिकेटची गर्दी. महापालिकेचे तलाव कधी चालू, कधी दुरुस्तीला बंद. आपण वर्षाला पोरांच्या क्लासवर किती घालवतो? त्यात एक स्वच्छ, वेळेवर उघडणारी, कोच असलेली जागा मिळत असेल तर आठ लाख मला जड वाटत नाहीत. पैसेवाल्यांनी खेळावर खर्च केला तर त्यात वाईट काय? निदान हॉटेलात तरी जात नाही तो पैसा.

---

आकडेमोड

मी सीए आहे, पण हा सल्ला नव्हे, फक्त हिशेब मांडतो.

पहिला प्रश्न विचारा: क्लब कुणाचा? मुंबईतले बॉम्बे जिमखाना (1875), विलिंग्डन (1918), पुण्यातले पूना क्लब (1886), डेक्कन जिमखाना (1906) हे सभासदांचे क्लब. सभासद कमिटी निवडतात, हिशेब सभेपुढे येतो, नफा कुणी घरी नेत नाही. तुमच्या वर्णनातला क्लब मला कंपनीचा दिसतो. जमीन, इमारत, नाव सगळं प्रवर्तकाचं, आणि तुम्ही त्याचे गिऱ्हाईक. दोन्हीकडे कार्डावर 'मेंबर'च छापलेलं असतं, पण पहिल्या ठिकाणी तुम्ही मालकांपैकी एक असता. दुसऱ्या ठिकाणी तुमच्याकडे वापराची परवानगी असते, बस्स.

आता अनामत. पाच लाख वीस वर्षांनी बिनव्याजी. सात टक्के व्याज धरलं तर आजच्या घडीला त्या पाच लाखांची किंमत साधारण एक लाख तीस हजार होते. म्हणजे आठ लाखांपैकी जवळजवळ पावणेसात लाख आज गेलेच असं समजून चाला. प्रवर्तकाच्या बाजूने बघा. समजा हजार सभासद झाले. पन्नास कोटी रुपये, बिनव्याजी, बिनतारण, वीस वर्षांसाठी. कुठली बँक असं कर्ज देते? त्या पैशातून तो क्लब बांधेल, आणि उरल्या जागेवर बंगल्यांचे प्लॉट पाडेल. क्लब शेजारी आहे म्हणून प्लॉटचा दर चढतो. अशा धंद्यात खरी कमाई बहुतेक वेळा प्लॉटची असते.

जीएसटी धरून आठ की वरून, हेही विचारा. क्लब आणि सभासद एकच, म्हणून त्यांच्यातल्या व्यवहारावर कर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये कलकत्ता क्लबच्या प्रकरणात म्हटलं होतं. 2021 च्या वित्त कायद्याने ती वाट बंद केली, तीही 1 जुलै 2017 पासून मागे जाऊन. कंपनीच्या क्लबला तर हा युक्तिवाद लागूच होत नव्हता. 18 टक्के धरून चला.

---

पंचगंगेकाठी

आकडेमोड सर, मनापासून आभार. वीस वर्षांचा हिशेब भावाला तसाच वाचून दाखवला. तो म्हणतो, अनामत जाऊ दे, मेंबरशिपच महाग होईल ना, ती विकू. त्यावर कुणी लिहिता का?

---

सध्या_टोकियो

मी राजारामपुरीतला, नोकरीनिमित्त बरीच वर्षं जपानात आहे. मेंबरशिप विकून पैसे करायचे, हा खेळ जपानने आपल्या आधी खेळलाय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इथे गोल्फ क्लबची मेंबरशिप शेअरसारखी विकली-घेतली जायची, अजूनही जाते. त्यासाठी दलालांच्या पेढ्या आहेत, रोजचे भाव छापून येतात. निक्केई या अर्थविषयक वृत्तपत्राने 1982 पासून या मेंबरशिपांचा निर्देशांकच सुरू केला होता. 1980 च्या दशकात जमिनीचे भाव वेडेवाकडे वाढले आणि त्याबरोबर हेही. टोकियोच्या पश्चिमेला कोगानेई नावाचा जुना क्लब आहे. 1990 च्या आसपास त्याच्या एका मेंबरशिपचा भाव चाळीस कोटी येनच्या घरात गेला होता. कंपन्या साहेबांसाठी विकत घ्यायच्या, बँका त्या तारण ठेवून कर्ज द्यायच्या. बऱ्याच खरेदीदारांनी आयुष्यात काठी हातात धरली नव्हती.

आणि पैशाची रचना? तुमच्या माहितीपत्रकात आहे तीच. मोठी अनामत, दहा-पंधरा वर्षांनी परत, बिनव्याजी. त्या अनामतीवर नवी मैदानं बांधली गेली. जी मैदानं अजून डोंगरातून खोदायची होती, त्यांच्याही मेंबरशिपा विकल्या गेल्या. फुगा फुटल्यावर भाव पडले. भाव चढे असताना कुणी अनामत मागत नव्हतं, कारण बाजारात विकून जास्त मिळायचे. भाव अनामतीच्या खाली गेल्यावर मुदत संपताच सगळे एकदम दारात उभे राहिले. क्लबकडे पैसे नव्हते, ते केव्हाच सिमेंट आणि हिरवळीत गेले होते. 1990 चं दशक संपताना आणि त्यानंतर एकामागून एक क्लब दिवाळखोरीत गेले. बऱ्याच ठिकाणी सभासदांना खेळायचा हक्क राहिला, अनामतीतला मात्र किरकोळ हिस्सा मिळाला. गोल्डमन सॅक्स आणि लोन स्टार या अमेरिकन संस्थांनी ती मैदानं पडत्या भावात उचलली.

यातून एक गोष्ट घ्या. 'विकता येईल' हे वाक्य तेव्हाच खरं, जेव्हा बाहेर रांग उभी असते. रांग टिकते ती सभासदसंख्या खरोखर मर्यादित असेल आणि गावात तेवढा पैसा असेल तर. टोकियोत पैसा होता, तरीही हे झालं. कोल्हापुरात आठ-दहा लाखांची मेंबरशिप दुसऱ्याकडून घेणारी माणसं किती? त्यातली बहुतेक तर तुमच्याबरोबरच फाउंडर मेंबर झालेली असतील.

श्रीमंतांचे नवे क्लब इथे अजून निघतात. 2023 मध्ये टोकियोजवळ चिबाच्या डोंगरात मागारिगावा नावाचा ट्रॅक उघडला, सभासदांना स्वतःच्या महागड्या गाड्या पळवता याव्यात म्हणून. आपल्याकडे कोल्हापूरजवळ कार्टिंगचा ट्रॅक आहे, गाड्यांच्या शर्यतींचं वेड जुनं आहे, त्यामुळे ती बातमी वाचताना गावची आठवण आली. पण ज्याने तिथे पैसे भरले त्याने गाडी पळवायला भरले. ते मला समजतं.

---

शिरोली_फाटा

शेवटचं वाक्य पटलं दादा. मीही खेळायलाच घेतोय, विकायला नाही.

---

गंगावेस_पैलवान

शिरोलीवाल्या भावा, तुझी अडचण खरी हाय, नाही म्हणत नाही. पण या धाग्यावर कोल्हापूरचं नाव हाय आणि अजून तालमीचा विषय निघाला नाही, म्हणून लिहितो.

आपल्या गावात क्लब नव्हते असं नाही. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, काळाइमाम ही काय हाय मग? पहाटे चारला तालमीत जाऊन बघा. खेड्यातनं आलेली पोरं हौद उकरत असत्यात. तांबडी माती, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर. पाय टाकला की थंडगार लागती, अंगाला चिकटती आणि वास दिवसभर जात नाही. उकरून, कालवून, पाट्यानं सारखी केल्याबिगर कुणी लढतीला उभं राहत नाही. मग जोर, बैठका, लढती. वस्ताद कोपऱ्यात बसून एकेकाचं नाव घेऊन चूक सांगत्यात. वर खोल्या हैत, तिथं पोरं स्वतःच स्टोव्हवर शिजवून खात्यात. घरनं आठवड्याला तूप, बदाम येत्यात. हितं प्रवेश कशावर मिळतो? वस्तादानं बघितलं, पोरगं टिकंल असं वाटलं, झालं. पैसा नाही म्हणून परत पाठवलेलं मी तरी बघितलं नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, 1912 साली पुरं झालं. राजानं बांधलंय, पण रचना बघा. मधोमध खोलगट आखाडा आणि चहूबाजूंनी चढत जाणाऱ्या पायऱ्या. कुठंबी बसा, कुस्ती सारखीच दिसती. शेवटच्या पायरीवरल्या माणसालाबी. खाशाबा जाधव कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकताना हितल्याच मातीत तयार झालं. 1952 ला हेलसिंकी ऑलिंपिकात कुस्तीचं ब्राँझ घिऊन आलं ती लोकांच्या वर्गणीवर गेलेलं. त्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं.

फुटबॉलचं तसंच. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही सगळी तालीम मंडळं. के.एस.ए., म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, 1940 ची. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठंतलं लहान पोर आणि कारखानदार एकाच दगडी पायरीवर बसतंय. ज्या गावात खेळ असा वाढला तिथं आठ लाखाचं दार कशाला, एवढंच माझं म्हणणं. तो पैसा तालमीला आला तर काय होईल बघा.

---

आर_के_नगर_ताई

पैलवान दादा, तुमच्या प्रतिसादातला शब्द न् शब्द मला मान्य आहे, तालमीबद्दल मलाही अभिमान आहे. पण एक गोष्ट कुणीतरी बोललीच पाहिजे. त्या हौदात माझी मुलगी उतरू शकते का?

ती तेरा वर्षांची आहे, फुटबॉल खेळते. पेठेतल्या मंडळाच्या पोरांबरोबर सराव करायला तिला कुणी हाकललं नाही, हे खरं. पण कपडे बदलायला जागा नाही, मुलींचं स्वच्छतागृह नाही, आणि मॅचला पायऱ्यांवर आम्ही बायका बसलो की लोक वळून वळून बघतात. मुरगूडकडे मुली आता कुस्ती खेळतात, राष्ट्रीय पातळीवर जातात. ते शहरातल्या जुन्या तालमींत किती झिरपलं?

पैशाच्या क्लबांनीही बायकांना सुखासुखी आत घेतलेलं नाही. अमेरिकेतला ऑगस्टा नॅशनल गोल्फ क्लब, जिथे 1934 पासून मास्टर्स स्पर्धा होते. तिथे अर्ज करून सभासद होताच येत नाही, बोलावणं यावं लागतं. पहिला कृष्णवर्णीय सभासद 1990 मध्ये, पहिल्या दोन स्त्रिया 2012 मध्ये. त्यातल्या एक कोंडोलिझा राइस, परराष्ट्रमंत्री राहिलेल्या. स्कॉटलंडच्या म्युरफिल्ड गोल्फ क्लबने 2016 ला मतदान घेऊन स्त्रियांना नाकारलं. तिथे ओपन स्पर्धा होणार नाही असं जाहीर झाल्यावर 2017 ला पुन्हा मतदान घेऊन दार उघडलं.

आता धागाकर्त्यांनी सांगितलेला क्लब. तिथे माझ्या मुलीला पहिल्या दिवसापासून प्रवेश आहे, स्वच्छ चेंजिंग रूम आहे, सीसीटीव्ही आहे. फक्त आठ लाख पाहिजेत, आणि ते आमच्याकडे नाहीत. तालीम पैसे मागत नाही, क्लब मुलगी आहे म्हणून अडवत नाही. आमच्यासारख्यांनी जायचं कुठे? मला या दोहोंपैकी एकाची बाजू घ्यायची नाही. मला महापालिकेचं मैदान पाहिजे, जिथे संध्याकाळी दिवे लागतात आणि मुलींच्या बाथरूमला कडी असते.

---

गंगावेस_पैलवान

ताई, बरोबर बोललासा. आमच्या मंडळाच्या मीटिंगमध्ये मुलींच्या खोलीचा विषय मी घेतो. तालमीखाली दुकानगाळे काढून भाडं येतं आता, पैसा नाही असं कुणाला म्हणता येणार नाही.

---

पोहणारा_काका

ताईंना अनुमोदन. मी अंबाई टँकवर आणि रमणमळ्यात पोरांना पोहायला शिकवत आलोय, म्हणून माझा अनुभव मांडतो.

वीरधवल खाडे आपल्या कोल्हापूरचा. 2008 ला बीजिंग ऑलिंपिकला गेला, 2010 ला ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायला ब्राँझ आणलं. तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकमध्ये रायफल प्रोनची जगज्जेती झाली. राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण घेतलं. स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ. यातलं कुणीही खाजगी क्लबाच्या दारातून वर आलेलं नाही. स्वप्नील सरकारी क्रीडा प्रबोधिनीतून घडला, रेल्वेने नोकरी दिली.

पण हे खेळ तालमीसारखे कमी पैशात होत नाहीत, हेही मान्य करायला हवं. मातीला ताक-तेल घालून भागतं. रेंजला इलेक्ट्रॉनिक टार्गेट लागतं, रायफल लाखांत जाते, गोळ्या रोज संपतात. तलावाला फिल्टर, क्लोरीन, दोन पाळ्यांत जीवरक्षक. पाणी एकदा हिरवं झालं की आठवडा गेला. उन्हाळी शिबिरात एका लेनमध्ये इतकी पोरं असतात की हात पसरता येत नाही. हा खर्च कुणीतरी करायलाच हवा. विभागीय क्रीडा संकुलाची कामं किती रेंगाळली, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. सार्वजनिक सोय रखडते आणि ती पोकळी खाजगीवाला भरतो. शिरोलीच्या मित्राला मी दोष देत नाही. त्याने घेतलेल्या मेंबरशिपमुळे माझ्या लेनमधली गर्दी कमी होईल, पण ज्या घरांचा आवाज महापालिकेत ऐकला जातो तीच घरं एकदा क्लबात गेली, की सार्वजनिक तलाव बंद पडला तरी ओरडणार कोण? मला या सगळ्यात याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते.

---

मुक्काम_पुणे

काकांच्या मुद्द्याला इतिहासातून जोड. क्लबांनी दार बंद केलं की नवं काहीतरी उभं राहतं, असं आपल्याकडे पुनःपुन्हा झालंय. विलिंग्डन क्लब निघाला तो मुंबईच्या गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला मज्जाव होता म्हणून. भारतातली पहिली कसोटी डिसेंबर 1933 मध्ये बॉम्बे जिमखान्यावर झाली, तेव्हा हिंदी माणूस तिथे खेळू शकत होता, सभासद होऊ शकत नव्हता. ब्रेबॉर्न स्टेडियम (1937) क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. तिथे मुंबई क्रिकेट संघटनेला सामन्यासाठी किती जागा द्यायच्या यावरून वाद चिघळला, आणि संघटनेने जवळच 1970 च्या दशकात वानखेडे उभारलं.

आणि दलित गोलंदाज पळवणकर बाळू. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करायचे, साहेबांना नेटमध्ये तासन्‌तास गोलंदाजी करायचे. पुढे हिंदूंच्या संघात घेतल्यावरही चहा वेगळ्या भांड्यात, बाहेर. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात याच माणसाने शंभरावर बळी घेतले. त्यांना अडवणारे दोन्ही क्लब होते, गोऱ्यांचाही आणि आपलाही. ताईंचं म्हणणं वाचताना हेच आठवलं.

---

सात_बारा_बघा

वकिली करतो, बहुतेक जमिनीची कामं. मंडळी, तत्त्वाची चर्चा चांगली चाललीय, पण धागाकर्त्याचा भाऊ उद्या चेक फाडेल, म्हणून थोडं कोरडं लिहितो.

क्लब म्हणजे आधी जमीन. जमीन हलली की क्लब हलतो, मग तो कितीही जुना असो. दिल्ली जिमखाना 1913 चा, ल्यूटेन्सच्या दिल्लीत 27.3 एकरांवर, जमीन सरकारी भाडेपट्ट्याची. बाहेरच्या माणसाने अर्ज केला तर तीस-तीस वर्षं नंबर लागत नव्हता, सभासदांच्या मुलांना मात्र वाट मोकळी. प्रकरण कंपनी न्यायाधिकरणात गेलं आणि 2022 मध्ये केंद्राला तिथे आपले संचालक बसवायची मुभा मिळाली. महालक्ष्मी रेसकोर्सचा भाडेपट्टा 2013 ला संपला होता. 2024 मध्ये त्यातली 120 एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी मुंबई महापालिकेकडे गेली. हाँगकाँगमध्ये फॅनलिंगच्या गोल्फ क्लबची 172 पैकी 32 हेक्टर जागा सरकारने 2023 मध्ये परत घेतली. ही बडी नावं, मोठमोठे वकील लावू शकणारी. तुमच्या क्लबची जमीन कुणाच्या नावावर आहे?

सात-बारा आणि फेरफार काढा. बिगरशेतीचा आदेश कशासाठी आहे ते बघा. निवासी असेल तर क्लबचा वापर बसतो का? आणि पन्हाळ्याच्या बाजूला म्हणालात, म्हणजे पंचगंगेची निळी आणि लाल पूररेषा तपासा, पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या सरकारी नकाशावरच्या या रेषा. 2019 आणि 2021 ला पाणी कुठपर्यंत आलं होतं ते त्या गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो भिंतीवरची खूण दाखवेल.

बांधायच्या आधी पैसे घेताहेत, तर ते वेगळ्या खात्यात राहणार की कंपनीच्या चालू खात्यात? अनामतीला तारण काय? महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा 1999 चा कायदा आहे, पण तो वापरायची वेळ आली म्हणजे पैसे अडकलेलेच असतात. ग्राहक आयोगात 2019 च्या कायद्याने तुमच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, एवढं समाधान.

करारनामा मागा. माहितीपत्रकातलं एक अक्षरही न्यायालयात उभं राहणार नाही असं धरून करार वाचा.

---

आकडेमोड

वकीलसाहेबांना एक उदाहरण जोडतो, चांगला कागद कसा असतो त्याचं. विम्बल्डनमध्ये सेंटर कोर्टाची डिबेंचर, म्हणजे आसनाचा हक्क देणारे रोखे, विकतात. 2026 ते 2030 साठी 2520 आसनं, प्रत्येकी 1,16,000 पौंड. पाच वर्षं स्पर्धेच्या रोज एक खुर्ची, नको असेल त्या दिवशीचं तिकीट तुम्ही रीतसर विकू शकता. क्लबचं सभासदत्व मिळणार नाही, हे पहिल्यापासून स्पष्ट. महाग आहे, पण किती खुर्च्या, किती वर्षं, काय मिळणार, काय नाही, सगळं आधीच ठरलेलं. तुमच्या करारात सभासदांचा आकडा लिहिलाय का, एवढं आधी बघा.

---

पंचगंगेकाठी

करारनामा मिळाला. सहजासहजी नाही, आधी टोकन भरा म्हणत होते, भाऊ हटून बसला तेव्हा दिला. रात्री आम्ही दोघांनी बसून वाचला. मुद्द्याची कलमं इथे टाकतो.

सभासदसंख्येचा आकडा कुठेही नाही. वाक्य असं आहे: 'सभासदांची कमाल संख्या कंपनी वेळोवेळी स्वतःच्या निर्णयानुसार ठरवील.' माहितीपत्रकात पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत 'मर्यादित' आहे.

विकायला परवानगी आहे, पण कंपनीच्या लेखी संमतीने, आणि त्या वेळच्या प्रवेश शुल्काच्या चाळीस टक्के हस्तांतरण फी भरून. कंपनी स्वतः नव्या मेंबरशिपा विकत असेल तोवर संमती नाकारू शकते. म्हणजे टोकियोच्या दादांनी लिहिलेली रांग उभी राहिलीच, तर ती कंपनीच्याच खिडकीपुढे.

अनामत वीस वर्षांनी, 'उपलब्ध निधीनुसार हप्त्यांत'. तारण नाही.

आणि जमीन. ती क्लबच्या कंपनीच्या नावावर नाही. एका भागीदारी फर्मची आहे, कंपनीला एकोणतीस वर्षं अकरा महिन्यांच्या भाडेपट्ट्याने दिलीय. मुलांना वारसाने काय मिळणार, याचा अंदाज यावरून यावा. पूररेषेचा नकाशा वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे बघितला. इमारत बाहेर आहे, तलाव आणि दोन टर्फ निळ्या रेषेच्या आत दिसतात. गावातल्या एका आजोबांनी 2021 ची खूण दाखवली, कंपाउंडच्या भिंतीपेक्षा वर आहे.

ऑफिसातल्या माणसाने नीट बोलून घेतलं, उद्धटपणा नाही. पण सभासदांचा आकडा करारात घाला म्हटल्यावर 'मसुदा सगळ्यांना एकच आहे' एवढंच उत्तर मिळालं.

---

शिरोली_फाटा

हे वाचून मी थांबलोय. मलाही हाच मसुदा येणार असेल तर आठ लाख नाही भरणार. पण कोर्टाची गरज तशीच आहे. वर्षाच्या वर्गणीवर, अनामत न घेता, खेळापुरतं देत असतील तर मी आजही भरीन. त्यात त्यांचाही तोटा नाही. चांगलं चालवलं तर लोक दरवर्षी येतील.

---

सात_बारा_बघा

हेच मागा. एकट्याने नको, चार-पाच घरांनी मिळून लेखी द्या. सभासदांचा कमाल आकडा करारात, बांधकाम पूर्ण होईपर्यंत पैसे वेगळ्या खात्यात, अनामतीला जमिनीचं तारण किंवा अनामतच नको, आणि ज्याला हवं त्याला फक्त वार्षिक वर्गणी. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. मसुदा मी करून देतो, फी नको.

---

आर_के_नगर_ताई

पत्रात अजून एक ओळ घालाल का? आठवड्यातले काही तास आसपासच्या गावांतल्या शाळांच्या मुलामुलींना तलाव आणि रेंज मोकळी ठेवावी, कोचसह. हे पत्र पहिल्या घरांनी दिलं तरच होईल, नंतर कुणी ऐकणार नाही.

---

पंचगंगेकाठी

घालतो ताई. भावाशी बोललो, तोही सही करतोय. पोहणाऱ्या काकांच्या मुद्द्यावर महापालिकेला वेगळा अर्ज करायचा ठरवलंय, अंबाई टँकच्या वेळा आणि मुलींच्या चेंजिंग रूमबद्दल. दोन्ही पत्रांचे मसुदे इथेच टाकतो. शहरातल्या ज्यांना सही करायची असेल त्यांनी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.